नवशिक्याने कॅमेरा कोणता घ्यावा?

आपल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांस छायाचित्रणाची गोडी लागली आहे, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु गोडी लागताच कॅमेऱ्याचा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर बहुधा जाहिरात देते. खिशात मावणारा कॅमेरा घेताना नवशिक्याने व त्याच्या पालकांनी काय पाहावे, याविषयी दोन शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

या बाबतीत उत्तम धडा आपल्या वर्ध्याच्या परिसरातच मिळतो. 1932 साली विनोबा आपल्या नालवाडीस राहावयास आले, हे सर्वांस ठाऊक आहे. त्यांचेच बंधू शिवाजी भावे यांनी सेवाग्रामातील तरुण कनू गांधी यांस आश्रमजीवनाची छायाचित्रे घेण्याची प्रेरणा दिली. आश्रमापाशी त्यासाठी पैसा नव्हता. तेव्हा घनश्यामदास बिर्ला यांनी दिलेल्या शंभर रुपयांतून रोलीफ्लेक्स कॅमेरा व फिल्म आली. महात्माजींनी तीन अटी घातल्या : कृत्रिम प्रकाशाचा झोत टाकावयाचा नाही, छायाचित्रासाठी थांबावयास सांगावयाचे नाही, आणि आश्रम खर्च देणार नाही. या अटी पाळून 1938 ते 1948 या काळात कनू गांधींनी घेतलेली छायाचित्रे आज राष्ट्राचा ठेवा ठरली आहेत. आमच्या मते कॅमेरा निवडण्याची कसोटीही याच तीन अटींत आहे.

पहिली अट प्रकाशाची. घरातील मंद उजेडात चित्र चांगले यावे, तर कॅमेऱ्यातील सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी पट्टी, मोठी हवी. स्वस्त कॅमेऱ्यांत ती सुमारे 6 मिलिमीटर लांब व साडेचार मिलिमीटर रुंद असते. ‘एक इंची’ म्हणून विकली जाणारी प्रत्यक्षात 13.2 बाय 8.8 मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळाने सुमारे चौपट असते. भिंगावरील छिद्राचा अंकही पाहावा. तो जितका लहान, तितका प्रकाश अधिक. मेगापिक्सेलच्या मोठ्या आकड्यास मात्र भुलू नये. आठ बाय दहा इंचांचे सुरेख चित्र छापण्यास सुमारे 72 लाख बिंदू पुरतात, आणि तितके साध्या कॅमेऱ्यातही असतात. ‘डिजिटल झूम’ हेही केवळ चित्र कातरून मोठे करणे होय. खरा झूम भिंगाचाच.

दुसरी अट कोणासही न थांबविण्याची. त्यासाठी कॅमेरा तत्पर हवा. दुकानातच तो सुरू करून पाहावा. कळ दाबल्यावर चित्र उमटण्यास विलंब लागत असेल, तर धावते वासरू वा हसणारे मूल चौकटीतून निसटणारच. आपल्याकडील वैशाखाच्या उन्हात मागील पडद्यावर काही दिसत नाही, म्हणून डोळा लावून पाहण्याची खिडकी असल्यास उत्तम.

तिसरी अट खर्चाची, आणि ती पालकांनी विसरू नये. किमतीत कार्ड व जादा बॅटरी धरावी. जुना पण नीट तपासलेला कॅमेरा घेण्यात कमीपणा नाही.

कोणी म्हणेल, घरी मोबाइल असता हा खर्च कशास? आक्षेप रास्त आहे. ज्याच्या हाती मोबाइल आहे, त्याने काही महिने त्यावरच अभ्यास करावा. सकाळचा तिरपा प्रकाश कोठून येतो, चौकटीत काय घ्यावे व काय टाळावे, हे त्यावरही शिकता येते. ती गोडी टिकली, तरच कॅमेऱ्याचा हट्ट धरावा. मात्र कॅमेऱ्याचा एक लाभ निर्विवाद आहे : त्यावर निरोप येत नाहीत, खेळ खेळता येत नाहीत, पाहणे हे एकच काम तो करतो, व करवितो.

रोलीफ्लेक्सच्या एका फिल्मवर बाराच छायाचित्रे निघत, म्हणून प्रत्येक कळ विचारपूर्वक दाबली जाई. आज एका कार्डावर हजारो मावतात, आणि विचार मागे पडतो. विद्यार्थीमित्रहो, आठवड्यास बाराच चित्रांचा नियम करून पाहा. आजीचे सुरकुतलेले हात, कापूस वेचणाऱ्या बाया, पोळ्याचे सजलेले बैल, हे सारे आपल्या दारी आहे. ज्यांची छायाचित्रे घ्याल त्यांची अनुमती घ्या, आणि एक प्रत त्यांच्या हाती द्या. महाग कॅमेरा नसला तरी चालेल. आपल्या माणसांकडे आदराने पाहणारी दृष्टी नसेल, तर कोणताही कॅमेरा व्यर्थ होय.