पुठ्ठ्याचा दगडी पूल

मैत्रिणींनो, दिवाळीच्या सुट्टीत दारात किल्ला होतो, त्यात आपल्याला नवल नाही. माती कालवायची, मावळे मांडायचे, अळीव पेरायचे आणि चिखलाचे पाय घेऊन घरभर हिंडायचं. पण यंदा आमच्या किल्ल्याच्या पायथ्याशी चक्क आगगाडी आली. माझ्या दिरांनी परदेशाहून चिरंजिवांसाठी विजेवर चालणारी छोटी गाडी आणली, आणि शिवाजी महाराजांच्या गडाखालून इंजिन धावू लागलं. शेजारपाजारचे हसले. "अहो, आपल्याकडची पहिली गाडी १८५३ ची!" असंही कुणी सुनावलं. चिरंजीव मात्र हटून बसले, गाडीला पूल हवा आणि तोही दगडी. आपल्या वसईच्या खाडीवरचा चालणार नाही. बोरघाटात दिसतो तसा, कमानींचा.

तयार पूल बाजारात मिळतात, पण किमती ऐकून मी हात जोडले. मग घरातल्याच वस्तूंतून केला. कसा केला, कुठे फसलो, ते सांगते. तुमच्याकडे गाडी नसली तरी किल्ल्याला किंवा नाताळच्या गोठ्याला ही युक्ती तितकीच उपयोगी पडेल.

आधी मापाचं बघू, कारण निम्म्या चुका तिथेच होतात. आमची गाडी खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याची आहे. या मापाला एच.ओ. म्हणतात. म्हणजे साडेपाच फुटी माणूस जेमतेम १९ मिलिमीटरचा. आता पुलाचा दगड किती मोठा काढाल? मी पहिल्यांदा अंगठ्याच्या नखाएवढे चौकोन आखले आणि खूश झाले. आमच्या नानांनी, म्हणजे सासऱ्यांनी, खुर्चीतूनच मान हलवली. नखाएवढा दगड म्हणजे खऱ्या पुलात माणसाच्या कमरेइतका उंच! फूटभर उंचीच्या दगडाला इथे साडेतीन मिलिमीटर पुरतात. पूल खेळण्यातला दिसायला लागतो तो बहुधा दगड मोठे झाल्यामुळे. रंगाचा दोष नंतरचा.

नानांविषयी थोडं सांगायला हवं. त्यांची सारी नोकरी रेल्वेच्या पुलांवर गेली. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून उजव्या हाताला जोर नाही आणि शब्दही अडखळत येतात. हाताला व्यायाम द्या म्हणून डॉक्टर सांगून थकले. नाना चेंडू हातात घेत आणि तसाच मांडीवर ठेवून देत.

तर पूल. पेटाऱ्याचा जाड पुठ्ठा घ्या, दोन बाजूंसाठी दोन सारखे तुकडे. कमानीसाठी आमटीची वाटी उपडी ठेवून अर्धगोल काढा. आमची वाटी ९ सेंटिमीटरची, म्हणजे खरी कमान सुमारे २५ फुटांची झाली. दोन कमानींमधला खांब चांगला रुंद ठेवा, बारीक खांबावर दगडी पूल उभा राहील असं बघणाऱ्याला वाटत नाही. दोन्ही बाजू चिकटवून आतून कमानीला जुन्या कॅलेंडरचा कागद वळवून लावा. मोठा थर्माकोल मखरासाठी विकत आणू नका, सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. फ्रिजच्या खोक्यातला पडला असेल तर डोंगराच्या पोटात भरायला चालतो, पण त्यावर फवाऱ्याचा रंग मारू नका, थर्माकोल विरघळून भोकं पडतात.

यानंतर पुठ्ठ्याला दोन्ही अंगांनी पातळ फेव्हिकॉलचा हात द्या आणि वाळू द्या. मी ही पायरी गाळली, आणि सकाळी पूल पापडासारखा वळलेला! वाळल्यावर घराला रंग देताना उरलेली भिंतीची पुट्टी घट्ट कालवून दोन मिलिमीटरचा थर द्या. दोनतीन तासांनी बोट लावून बघा. ठसा उमटतो पण बोटाला चिकटत नाही, अशा वेळी विणायच्या सुईने किंवा संपलेल्या रिफिलने दगड कोरायचे.

आधी कमानीचे दगड. ते चौकोनी नसतात, पाचरीसारखे असतात, खाली निमुळते आणि वर रुंद. वाटीचा मध्यबिंदू धरून तिथून रेषा बाहेर काढल्या की आपोआप तसे येतात. खात्री करायची तर आपल्या वसईच्या किल्ल्यात मुलांना घेऊन जा आणि पडक्या कमानींखाली उभं राहून वर बघा. किल्ला चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये जिंकला हे पोरांना पाठ असतं, पण छपराशिवाय ती कमान अजून का टिकली ते कुणी विचारत नाही. प्रत्येक दगड शेजारच्याला दाबतो आणि सगळे मिळून भार खांबांवर उतरवतात. माथ्यावरचा मधला दगड शेवटी बसवतात. तो बसेपर्यंत खालचा लाकडी साचा काढता येत नाही.

हे सगळं मला नानांनी सांगितलं, तीन दिवसांत, तुकड्या-तुकड्यांनी. बोरघाटाचीही गोष्ट त्यांनीच सांगितली. तो घाट १८६३ मध्ये सुरू झाला. पंचवीस बोगदे, ३७ फुटांना एक फूट असा चढ, आणि एकेका वेळी ४०,००० वर माणसं कामावर. पटकीने किती गेली त्याची गणती हजारांत आहे. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इंग्लंडहून आला आणि थोड्याच दिवसांत आजारी पडून वारला. मग त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने, कंत्राट स्वतःकडे घेतलं, जाणते इंजिनिअर नेमले आणि घाट पुरा करवला. इतक्या वेळा त्या घाटातून गेले, पण हे मला कुठे ठाऊक होतं! पुढे १८६७ च्या पावसाळ्यात घाटातला एक मोठा दगडी पूल कोसळला. बाहेरून घडीव दगड आणि आत कच्चा भराव, असं निघालं. "आपला... पण... तसाच," असं म्हणून नाना आमच्या पुठ्ठ्याकडे बघून हसले.

त्याच दुपारी त्यांनी सुई मागितली. उजव्या हाताने. मागच्या अंगाची पुट्टी ओली होती, ती त्यांच्यापुढे ठेवली. तासभर कोरत बसले. रेषा वाकड्या, दगड कुठे लहान कुठे मोठा, दोन ठिकाणी सांधा सांध्यावर आलेला. आणि मी काय केलं? पूल सुट्टीनंतर शाळेच्या प्रदर्शनात जायचा होता. मी स्वतः शिकवते, चार बाया काय म्हणतील हे मनात आलं. रात्री निजानीज झाल्यावर ओला हात फिरवून वरचे दोन थर मी पुसले आणि पट्टी लावून सरळ आखले.

सकाळी नानांनी पुलावरून बोट फिरवलं. काही बोलले नाहीत. दोन दिवस खुर्ची गॅलरीकडे वळवून बसले. मुलाने विचारलं, "आई, आजोबांचे दगड कुठे गेले?" त्याला काय उत्तर देणार?

तिसऱ्या दिवशी मी पूल त्यांच्यापुढे ठेवला. "नाना, वरचे दोन थर मी बिघडवले. पुट्टी पुन्हा लावलीय, तुम्ही कोरा," एवढंच म्हटलं. बराच वेळ थांबले. मग म्हणाले, "सूनबाई, पाण्याची... भोकं राहिली." खडीतून झिरपलेलं पावसाचं पाणी पुलाच्या पोटात साठू नये म्हणून भिंतीत लहान भोकं ठेवतात. ती मी साफ विसरले होते! जाड सुईने त्यांनी सात भोकं पाडली आणि मग थर कोरले. रेषा पुन्हा वाकड्याच आल्या. रंग दिल्यावर नवलच झालं. माझ्या पट्टीने आखलेल्या बाजूपेक्षा ती बाजू खरी दिसत होती. छिन्नीने घडवलेले दगड एका मापाचे थोडेच असतात?

रंगाचं सांगते. काळा दगड म्हणून काळा रंग देऊ नका. आधी तपकिरी रंगाचं अगदी पातळ पाणी सगळीकडे सोडा आणि लगेच फडक्याने टिपा, म्हणजे ते फक्त खाचांत राहतं. वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट राखाडी वरवर फिरवा. मग त्या भोकांखाली काळपट-हिरवे ओघळ काढा. आपल्याकडच्या पावसाळ्यात कुठला पूल कोरडा राहतो?

डोंगराची युक्ती शेजारच्या मावशींची. त्यांच्याकडे दर नाताळात गोठा मांडतात. गोणपाट पातळ पुट्टीत बुडवून उलट्या डब्यांवर टाकायचं, चुण्या तशाच राहू द्यायच्या. वाळलं की कडे तयार. खळ वापरणार असाल तर वसईच्या दमट हवेत तिला बुरशी धरते. चिमूटभर मोरचूद घाला, मात्र ते विषारी असतं, भांडं वेगळं ठेवा आणि मुलांना हात लावू देऊ नका. गवताला सुताराकडचा भुसा रंगवून, झाडांना भांडी घासायची हिरवी घासणी पिंजून तारेवर लावा. खाडीला जुन्या तसबिरीची काच घ्या आणि खालून रंगवा. निळा नको हं, आपल्या खाडीचं पाणी कुठे निळं असतं! मातकट हिरवा द्या.

रुळांखालच्या खडीसाठी बारीक चाळलेली रेती. समुद्रावरची असेल तर तीन पाण्यांतून धुवा, नाहीतर मिठाने रूळ गंजतात. वाळल्यावर तिच्यातून लोहचुंबक फिरवा. काळे कण चिकटून येतील, तेच इंजिनात शिरले तर मोटरच्या चुंबकाला जाऊन बसतात. रेती पसरून झाली की फेव्हिकॉल दुप्पट पाण्यात पातळ करा, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका आणि ड्रॉपरने सोडा. साबणामुळे ते आत मुरतं, रेतीवर थेंब होऊन राहत नाही.

आमची एक फजिती राहिली. सगळं झाल्यावर गाडी सोडली, इंजिन गेलं आणि दुसराच डबा कठड्याला अडला. पूल वळणावर होता, आणि लांब डब्याची टोकं वळणावर बाहेर येतात. कठडा चिकटवण्याआधी सगळ्यांत लांब डबा हाताने ढकलून बघा, दोन्ही बाजूंना बोटाएवढी जागा हवी. आम्ही एका बाजूचा कठडा कापून मागे सरकवला.

हौस वाढलीच तर पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय बघून या. १९९८ पासून ते खुलं आहे, आणि तिथे गाड्यांभोवती अख्खं गाव वसवलेलं आहे.

प्रदर्शनात पूल कुठल्या बाजूने मांडायचा हे चिरंजिवांनी मला विचारलं नाही. आजोबांची बाजू पुढे आली. आता तो जुन्या लुगड्यात गुंडाळून, डांबराच्या गोळ्या घालून पलंगाखाली ठेवलाय. पलंगाखालची उंची मात्र आधी मोजून घ्या, आमचा पूल दोन बोटं उंच निघाला आणि पलंगाच्या पायांखाली विटा द्याव्या लागल्या.