चार भाषांचा पडदा



स्वित्झर्लंड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? बर्फाचे डोंगर, हिरवी कुरणे आणि त्यावर गाणे म्हणणारे आपले नायक-नायिका! १९६४ च्या ‘संगम’पासून १९९५ च्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’पर्यंत हिंदी चित्रपटांनी तो देश आपल्याला घरबसल्या दाखवला. यश चोप्रांचा तर २०१६ साली इंटरलाकेनला पुतळाही उभारला गेला. पण त्या डोंगरांत राहणारी माणसे स्वतः कोणते चित्रपट काढतात आणि कोणत्या भाषेत, हे आपण कधी विचारले नाही. मीही विचारले नव्हते.

गेल्या उन्हाळ्यात मुलीने मला ‘बोन शूर तिचिनो’ हा पीटर लुईसी यांचा २०२३ चा विनोदी स्विस चित्रपट लावून दिला. कथा काल्पनिक आहे. देशात सार्वमत होते आणि चार भाषांऐवजी यापुढे एकच राष्ट्रभाषा असा निर्णय होतो. ती एक भाषा म्हणजे फ्रेंच! आता जर्मन बोलणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याची पंचाईत होते, कारण त्याला फ्रेंच येत नाही. त्याला पाठवतात तिचिनो या इटालियन भाषिक प्रांतात, जिथे या निर्णयाविरुद्ध बंड शिजते आहे. मी पोट धरून हसले. मग एकदम गंभीर झाले. ज्यांची भाषा देशात सर्वांत मोठी, तेही एका मतदानाने ‘अल्पभाषिक’ होऊ शकतात, हे त्या हसण्यातून कळले.

या देशाची लोकसंख्या सुमारे नव्वद लाख. म्हणजे तीन-चार इंदूर शहरे एकत्र केली तर तेवढी. त्यातले साठ टक्क्यांच्या आसपास लोक जर्मन, तेवीस टक्क्यांच्या आसपास फ्रेंच आणि आठ टक्क्यांच्या आसपास इटालियन बोलतात. चौथी भाषा रोमांश शंभरात एकाचीही नाही. तरी १९३८ साली मतदारांनी नव्वद टक्क्यांहून अधिक मतांनी तिला राष्ट्रीय भाषा म्हणून मान्यता दिली. २०१८ साली त्या भाषेत ‘आमुर सेंत्सा फिन’ हा दूरचित्रवाणीसाठीचा चित्रपट निघाला. गंमत म्हणजे त्यातल्या डोंगरी गावात येणारा नवा पाद्री भारतीय आहे!

एवढ्या लहान बाजारपेठेत चित्रपट काढणे सोपे नाही. तरी त्यांनी ते केले. लिओपोल्ड लिंटबर्ग यांचा ‘शेवटची संधी’ हा १९४५ चा चित्रपट इटलीतून स्वित्झर्लंडकडे निघालेल्या निर्वासितांचा आहे. त्यात वेगवेगळ्या देशांची माणसे आपापली भाषा बोलतात. १९४६ साली कान महोत्सवात सर्वोच्च मान मिळालेल्या चित्रपटांत तो होता. झाव्हिएर कोलर यांच्या ‘आशेचा प्रवास’ या १९९० च्या चित्रपटाला परदेशी भाषेचे ऑस्कर मिळाले. त्यातले कुटुंब तुर्कस्तानातून येते आणि तुर्की भाषेतच बोलते. स्वित्झर्लंडच्या नावाने गेलेल्या चित्रपटात पाहुण्याची भाषा ऐकू येते, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

पण तिथे सगळे गोडच आहे असे समजू नये. जर्मन आणि फ्रेंच भागांतील मनाच्या दरीला तिथे ‘रोश्टीचा खंदक’ म्हणतात. रोश्टी म्हणजे बटाट्याच्या किसाचा, आपल्या थालीपिठासारखा खरपूस पदार्थ. एका बाजूचा गाजलेला चित्रपट हा खंदक ओलांडून दुसऱ्या बाजूला फारसा चालत नाही. शेजाऱ्याची भाषा शाळेत शिकतात, पण तिकीट काढून ऐकत नाहीत. हे वाचून मला आपलेच घर आठवले.

मग हे चित्रपट टिकतात कसे? केवळ प्रेमाने नाही. सरकार पैसा देते, दूरदर्शन वाहिन्या पैसा देतात, आणि लोक ठरवतात. मे २०२२ मध्ये तिथे सार्वमत झाले. इंटरनेटवरून चित्रपट दाखवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी तिथल्या उत्पन्नाचा चार टक्के भाग स्विस चित्रपटांसाठी खर्च करावा, असा प्रश्न होता. सुमारे ५८ टक्के लोकांनी होकार दिला आणि २०२४ पासून तो नियम लागू झाला. लहान भाषेला जपायचे तर कुठेतरी हिशेबाच्या वहीत तिच्या नावाची ओळ असावी लागते, हे त्यांना कळले आहे.

आता आपल्या शाळेकडे येते.

माझे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. घरात मराठी, बाहेर हिंदी. आजही माझ्या बोलण्यात ‘करून राहिले’ येते आणि पुण्याचे नातेवाईक हसतात. मराठी पुस्तक सलग वाचायला मी तिशीत लागले. पण याचा दोष मी हिंदीला देत नाही. हिंदीने माझे मराठी हिरावले नाही. मी ते वापरले नाही, म्हणून ते गंजले.

मागच्या पालकसभेत दोन सूचना आल्या. एक, महिन्यातून एका शनिवारी होणारा चित्रपट बंद करून तो वेळ गणिताला द्यावा. दोन, दाखवायचाच असेल तर हिंदीत डब केलेला दाखवावा, मुलांना परकी भाषा कळत नाही. दोन्ही सूचना काळजीपोटी आल्या आहेत, तरी मला त्या मान्य नाहीत.

गणिताचे तास आठवड्याला सहा आहेत. महिन्यातल्या दोन तासांनी कोणाचे गणित बिघडत नाही. आणि भाषा कळत नाही म्हणाल तर ऑगस्टमध्ये आम्ही आठवीच्या पुढच्या वर्गांना क्लोद बारास यांचा ‘माझे जीवन, कूर्जेट’ हा २०१६ चा बाहुल्यांचा चित्रपट दाखवला. अनाथालयात आलेल्या मुलाची सहासष्ट मिनिटांची गोष्ट, भाषा फ्रेंच, खाली इंग्रजी अक्षरे. आधी बाईंनी मराठीत थोडक्यात गोष्ट सांगितली. पहिली पाच मिनिटे कुजबुज झाली, मग सभागृह शांत. संपल्यावर एका मुलीने विचारले, “बाई, हा मुलगा आपला असता तर मराठीत कसा बोलला असता?” दुसऱ्या दिवशी सहा मुलांनी एका प्रसंगाचे संवाद मराठीत लिहून आणले. शुद्धलेखनाच्या चुका भरपूर होत्या. पण मराठीचा असा गृहपाठ न सांगता झालेला मी पहिल्यांदा पाहिला.

डब केलेल्या चित्रपटात हा प्रश्नच आला नसता. सगळे जग आपल्याच भाषेत बोलते असे वाटले की आपली भाषा वेगळी आहे, हेही मूल विसरते.

म्हणून माझी विनंती अशी. शनिवारचा चित्रपट चालू राहावा, मूळ भाषेत आणि खाली अक्षरांसह. दर तिसरा चित्रपट मराठी असावा. २००४ साली भारतातर्फे ऑस्करला गेलेला ‘श्वास’ आपल्या किती मुलांनी पाहिला आहे? त्याला हिंदीभाषक शेजारी मुलांनाही बोलवावे. आपला खंदक आपणच बुजवायचा आहे. प्रदर्शनाची रीतसर परवानगी आणि प्रोजेक्टरची दुरुस्ती यासाठी विश्वस्त मंडळाने येत्या अंदाजपत्रकात वेगळी तरतूद करावी. रक्कम मोठी नाही. पण वहीत मराठीच्या नावाची एक ओळ होईल.

पालकांनी आपले मत, विरोधी असले तरी, लिहून शाळेत जरूर पाठवावे. मराठीत लिहिले तर अधिक आनंद होईल. चुका मी मोजणार नाही, माझ्याही होतात.

— प्राचार्या