प्रकाशाने तापणारे सोने आणि आजचा उपचार

वैशाखातल्या उन्हात अंजनगावच्या एखाद्या अंगणात पांढरे धोतर आणि काळी घोंगडी शेजारी शेजारी वाळत घातली, तर ऊन दोहोंवर सारखेच पडते. अधिक तापते ती घोंगडी. जो पदार्थ प्रकाश शोषून घेतो, तो तापतो. कर्करोगावरील एका नव्या संशोधनाचे मर्म एवढेच आहे.

या पद्धतीत सोन्याचे अतिसूक्ष्म कण गाठीपर्यंत पोहोचवतात आणि वरून लेझरचा प्रकाश सोडतात. हा प्रकाश तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा असतो. तो कातडीतून काही अंतर आत जातो. वाटेतल्या निरोगी पेशी फारशा तापत नाहीत, कण मात्र तापतात. सुमारे ४२ ते ४५ अंश सेल्सिअसला कर्कपेशी दुबळ्या होतात, उष्णता आणखी वाढली की मरतात. कणांच्या पोटात औषध भरले असेल, तर तीच उष्णता कवच उघडून औषध नेमके गाठीत सोडू शकते. औषध सर्वांगात कमी पसरावे, हा यामागचा हेतू. ज्यांचे हृदय आणि मूत्रपिंडे वयोमानाने थकली आहेत, त्यांच्यासाठी त्याचे मोल मोठे आहे.

हे काम आपल्या महाराष्ट्रातही झाले आहे. मुंबईची आयआयटी आणि टाटा स्मारक केंद्राची खारघर येथील संशोधन संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म फुग्यांवर सोन्याचा मुलामा दिला. लेझरच्या उष्णतेने गाठींवर होणारा परिणाम त्यांनी उंदरांवर तपासला आणि २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. हे कण पुढे फुटून यकृत व मूत्रपिंडांवाटे बाहेर पडू शकतात, हे त्यांचे वैशिष्ट्य. अमेरिकेत पुरःस्थ ग्रंथीच्या, म्हणजे प्रोस्टेटच्या, कर्करोगाच्या १६ रुग्णांवर सोन्याच्या कणांची चाचणी झाली. तिचा अहवाल २०१९ साली आला. त्या चाचणीत केवळ उष्णता होती, औषध नव्हते.

म्हणून एक गोष्ट स्पष्ट समजून घ्यावी. उष्णता आणि औषध एकत्र देणारा हा उपचार अजून रुग्णालयातील नेहमीचा उपचार झालेला नाही. त्याची वाट पाहत शस्त्रक्रिया, किरणोपचार वा औषधोपचार पुढे ढकलू नयेत. गाठ आपल्यासाठी थांबत नाही. हे कण म्हणजे सुवर्णभस्मही नव्हे; भस्म घेऊन हा परिणाम साधत नाही. कोणी ‘सोन्याच्या लेझर’साठी पैसे मागितले, तर भारतीय वैद्यकीय चाचणी नोंदवहीतील क्रमांक विचारावा. खऱ्या चाचणीत रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती देऊन लेखी संमती घेतात आणि कधीही माघार घेण्याची मुभा असते.

प्रकाशाची मर्यादाही ध्यानात असू द्यावी. तो शरीरात फार खोल जात नाही. त्यामुळे त्वचा किंवा तोंड अशा उथळ जागी ही पद्धत तुलनेने सोपी ठरेल. खर्रा आणि तंबाखूने ग्रासलेल्या आपल्या वऱ्हाडात तोंडाच्या कर्करोगाचे दुःख अनेक घरांना ठाऊक आहे. त्यासाठी आजच करता येण्याजोगी एक तपासणी मात्र प्रत्येक घरात आहे.

घरातील वडीलधाऱ्यांना खिडकीजवळ बसवावे, कवळी काढायला सांगावी आणि विजेरीच्या उजेडात गाल, हिरड्या, जिभेच्या कडा व जिभेखालची जागा पाहावी. दोन ते तीन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा वा लाल चट्टा, कमी उघडणारे तोंड किंवा मानेतील गाठ दिसल्यास ‘कवळी लागली असेल’ म्हणून सोडून देऊ नये. दंतवैद्य किंवा कान-नाक-घसातज्ज्ञांना दाखवावे. रोगनिदान झाल्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणते उपचार मिळतील, हे अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे. उद्याच्या उपचाराविषयी आशा जरूर बाळगावी. परंतु तपासणी याच आठवड्यात करावी.