चेहरा काढण्याची स्लिप

रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचा फोटो काढताना हात कापतात, ती भीती कशी घालवावी, याचे हल्ली रीतसर वर्ग चालतात म्हणे. उपदेश ठरलेला : लांब पल्ल्याची लेन्स घ्या, नजर भलतीकडे ठेवा, कॅमेरा पोटाशी धरून बटण दाबा, कुणी हटकलंच तर हसून पुढे चला. अहो, हीच विद्या एस.टी. स्टँडवरच्या खिसेकापूला पोटासाठी शिकावी लागते. हे हौसेनं शिकतात, आणि वर फी भरतात!

माझं म्हणणं सरळ आहे. ही भीती घालवू नये. मुळात हिला भीती म्हणणंच चूक. हिचं जुनं नाव भीड. भीड भिकेची बहीण असते हे मलाही ठाऊक आहे (कर्जाला जामीन राहून खात्री करून घेतली आहे), पण दुसऱ्याच्या तोंडावर बोट रोखण्याआधी ती वाटते, हे फार चांगलं आहे.

आम्ही पारनेरच्या काउंटरमागची माणसं. शंभर रुपये काढायचे तरी स्लिप, स्लिपवर सही, सही येत नसेल तर अंगठा, अंगठ्याला साक्षीदार. आणि इथे एखाद्याचा अख्खा चेहरा उचलून न्यायचा, तर स्लिप नाही की सही नाही! बी.कॉम.ला जमाखर्च शिकलो, त्यात याला वेगळं नाव होतं.

निघोजचे रांजणखळगे बघायला सुट्टीच्या दिवशी गाड्या येतात. कुकडीच्या पाण्यानं हजारो वर्षं खपून काळ्या खडकात ते रांजण कोरले. त्यांचे फोटो खुशाल काढावेत, खडक तक्रार करत नाही. पण दोन रांजण झाले की लेन्स वळते शेळ्यांमागे चाललेल्या म्हाताऱ्याकडे. उन्हाळ्यात तर पंचाईतच. आमचा तालुका कमी पावसाचा, 1972 चा दुष्काळ अजून घरोघर सांगितला जातो. त्यामुळे डोक्यावर हंडा दिसला की टिपलाच. बाई लग्नघरी पाणी नेत असली तरी खाली मथळा ‘तहानलेला महाराष्ट्र’.

कायदा आमच्या बाजूनं आहे, असं हे शूर सांगतात. सार्वजनिक जागी फोटो काढायला सरसकट बंदी नाही, हे खरं. बाईचे खासगी क्षण चोरून टिपणं मात्र 2013 पासून गुन्हा आहे. पण रोज शेजाऱ्याकडे नेमकं जेवणाच्या वेळी टपकायला तरी कायद्याची बंदी कुठे आहे?

आणि हे शौर्य चालतं कुणावर? हेच गृहस्थ फौजदार दिसला की कॅमेरा पिशवीत घालतात, आणि मंत्र्याला ‘साहेब, जरा इकडे बघता?’ म्हणून चारदा विनवतात. वास्तविक उलट हवं. उगारलेल्या लाठीचा फोटो काढायला परवानगी मागत बसू नये. तिथे भीती जरूर घालवा, मी टाळ्या वाजवीन.

1936 साली डोरोथिया लांग या बाईंनी कॅलिफोर्नियात मटार खुडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईचा फोटो काढला. जगभर गाजला. त्यामुळे तळावर अन्नाची मदतही आली. तोवर ती आई पोरं घेऊन पुढे निघून गेलेली. तिचं नाव फ्लॉरेन्स थॉम्प्सन, हे जगाला कळलं 1978 मध्ये. बेचाळीस वर्षं! तिची तक्रारही हीच होती, की मला नाव विचारलं नाही. नाव विचारायला लेन्स लागत नाही हो.

‘विचारलं की नैसर्गिकपणा जातो’, ही शेवटची सबब. बाजाराच्या दिवशी मी एका बाबांना विचारलं. म्हणाले, “थांबा की सायेब, पटका तर नीट करू द्या.” पाच मिनिटं पटका चालला. मग असे ताठ उभे राहिले, जसं काही झेंडावंदनच आहे. कलावंतांनी नाक मुरडलं असतं. पण माणसाला स्वतःला जसं दिसावंसं वाटतं, ते काय परक्याचं रूप?

एक प्रत बाबांना दिली. पुढच्या महिन्यात तीच घेऊन ते केवायसीला हजर! आमच्या साहेबांनी परत केली; म्हणाले, पटक्यात कान झाकलेत.

“हायेत की सायेब,” बाबा म्हणाले, “आतमंदी.”