धुराचें सोंग

जुन्या वस्तूवर प्रेम करणारे लोक दोन प्रकारचे असतात. एक ती वस्तु पेटींत घालून कुलूप लावतो. दुसरा तिला रंगरंगोटी करून बाजारांत बसवितो. दोघेही आपल्या कृतीस 'जतन' हेंच नांव देतात. नेरळ-माथेरानच्या चिमुकल्या रेल्वेच्या पुनरुज्जीवनाचा विषय निघाला कीं हे दोन्ही पक्ष हिरिरीनें उभे राहतात. आमच्या मतें दोघांचेंही चुकतें. परंतु दुसऱ्याची चूक अधिक घातक आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

माहीमसारख्या समुद्रकांठच्या गांवीं बसून आम्ही माथेरानच्या डोंगराची उठाठेव कां करावी, असें कोणी विचारील. १८५० सालीं माथेरान प्रसिद्धीस आणणारे मॅलेटसाहेब ठाण्याचे कलेक्टर होते आणि आमचें माहीमही तेव्हां त्यांच्याच अंमलांत होतें. आज आम्ही पालघर जिल्ह्याचे व माथेरान रायगडचें. पण जुनें नातें आहेच. दुसरें असें कीं, आमच्या वाड्यांतलीं विड्याचीं पानें करंड्यांत भरून आगगाडीनें परमुलखास गेलीं, तेव्हां येथल्या कित्येक घरांच्या चुली पेटल्या. रेल्वे ही आधीं पोटाची सोय, शोभेची वस्तु मागाहून, हें ज्ञान आम्हांस पुस्तकांतून मिळवावें लागलें नाहीं.

माथेरानची रेल्वे तरी कोणी नवस फेडण्यासाठीं बांधली होती काय? सर आदमजी पीरभॉय यांनीं पैसा पुरविला, त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनीं १९०४ ते १९०७ या अवधींत दोन फुटी रूळ घाटांतून वर नेले आणि सोळा लाख रुपये खर्चीं पडले. गाडीनें पहिल्या दिवसापासून तिकिटें विकलीं. तेव्हां पैशाचा विचार आला कीं वारसा विटाळला, असें मानणाऱ्या सोंवळ्या पक्षास एवढेंच विचारावयाचें कीं, त्यांना अभिप्रेत असलेली निर्मोही रेल्वे होती तरी केव्हां?

या मार्गाचें दैव मोठें खडतर. २००५ च्या जुलैंतील अतिवृष्टीनें तो उद्ध्वस्त झाला व शंभरीच्या सालीं, २००७ मध्यें, पुन्हा उभा राहिला. २०१६ च्या मे महिन्यांत डबे घसरले आणि गाडी बंद पडली. २०१८ मध्यें ती पुन्हा नेरळहून वर चढली. पुढल्याच वर्षीं पावसानें रूळांखालची जमीन नेली, आणि संबंध मार्ग खुला व्हावयास २२ ऑक्टोबर २०२२ हा दिवस उजाडावा लागला. या दुरुस्त्यांत नवे ब्रेक आले, काँक्रीटचे स्लीपर आले. मूळ स्वरूप बिघडलें म्हणून सोंवळे पक्ष हळहळतो. आम्ही म्हणतों, घाटाच्या कड्यावर बसलेल्या उतारूस ऐतिहासिक ब्रेक नको, लागणारा ब्रेक हवा.

हें वाचून हिशेबी पक्षास आम्ही आपलेच वाटूं लागलों असूं. तो भ्रम तत्काळ दूर करणें भाग आहे. डिझेलच्या इंजिनावर वाफेच्या इंजिनाचा सांगाडा चढवावा, धुराडें बसवावें, आणि त्यास 'वारसा' म्हणावें, अशी कल्पना या मार्गासाठीं गेल्या कांहीं वर्षांत पुढें आली आहे. आमच्या पश्चिम रेल्वेनें तर २०२३ च्या ऑक्टोबरांत एकतानगर-अहमदाबाद मार्गावर असाच मुखवटा घातलेलें विजेचें इंजिन धांवतें केलें. लोक आनंदानें छायाचित्रें काढतात, मग कोणाचें काय बिघडलें, असा या पक्षाचा सवाल आहे.

आम्हां साहित्याच्या लोकांस हा प्रश्न नवा नाहीं. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १९२४ सालीं 'महिकावतीची बखर' प्रसिद्ध केली. त्या नांवांत आपलें माहीम पाहण्याचा मोह आम्हां माहीमकरांस आवरत नाहीं. पण तो वाद येथें नको. जुन्या पोथीचा मजकूर जेथें वाळवीनें खाल्ला असेल, तेथें प्रामाणिक संपादक एक तर जागा मोकळी सोडतो, नाहीं तर कंसांत आपला तर्क घालून तो आपला आहे असें सांगतो. स्वतः चार ओळी रचून त्या मूळ लेखकाच्या नांवावर तो खपवीत नाहीं. नव्या कागदावर छापल्यानें बखर खोटी होत नाहीं. कागद पिवळा करून लिहिलेली बनावट सनद मात्र खोटीच.

निलगिरीच्या डोंगरी रेल्वेकडे पाहा. तिच्यासाठीं तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यानें याच शतकांत वाफेचीं नवीं इंजिनें बांधलीं. त्यांचें पोलाद कालचें आहे. पण आंत खरोखर आग पेटते, पाणी खरोखर उकळतें आणि त्या वाफेनेंच चाक फिरतें. तें इंजिन नवें असून खरें आहे. मुखवट्याचें जुनें दिसून खोटें आहे. नवें आणि खोटें हे दोन शब्द एकाच अर्थाचे नव्हेत, एवढें ध्यानीं आलें म्हणजे निम्मा वाद संपतो.

राहतां राहिला पैशाचा प्रश्न. तो खरा आहे आणि त्यास बगल देणें भ्याडपणाचें होईल. अमन लॉज ते माथेरान हा शेवटचा लहानसा तुकडा. मोटारींस त्यापुढें बंदी असल्यामुळें तेथल्या शटलला भर पावसांतही उतारू मिळतात. खालचा नागमोडी घाट मात्र पावसाळाभर बंद, आणि दरडी व गाळ यांचा सारा खर्च त्याच्याच माथीं. हे दोन तुकडे वेगळे मोजले तर घाट बुडीत दिसणारच. पण घाट नसेल तर वरची शटल ही रेल्वे नसून दोन थांब्यांमधली ने-आण उरते. म्हणून हिशेबाची वही एकच असावी. शोभिवंत डब्यांचें भाडें हौशी पाहुण्यांकडून खुशाल घ्यावें. गांवच्या माणसांची स्वस्त बैठक मात्र हलवूं नये. नेरळची शेड तिकीट लावून दाखवावी. खरें वाफेचें इंजिन वर्षांतून थोडेच दिवस चालवितां येईल, तर थोडेच दिवस चालवावें आणि त्याचे चढे दाम उघडपणें सांगावे.

या व्यवहारांत खोटेपणास जागा कोठेंच नाहीं, आणि गरजही नाहीं. पत्र्याचें धुराडें कोणत्याही करमणुकीच्या बागेंत उभें करतां येतें. मग त्यासाठीं नेरळपर्यंत कोण येईल? ज्याची नक्कल होत नाहीं तेंच शेवटीं विकलें जातें: सुमारें २१ किलोमीटरांची ती चढण, घोड्याच्या नालासारखीं तीं वळणें, आणि वाफेच्या इंजिनांनीं पाणी भरून घेतल्याची आठवण नांवांतच जपणारें वॉटर पाईप स्टेशन. मूळचीं चार इंजिनें होतीं. त्यांतलें एक इंग्लंडांतील हौशी मंडळींनीं जपलें आहे. तें घडलें तें कारागिरी जपून, मुखवटा शिवून नव्हे.

उद्यां एखादें मूल बापाचा हात धरून त्या इंजिनापुढें उभें राहील आणि विचारील, "बाबा, आग कोठें आहे?" त्या बापास खाली मान घालावी लागणार नाहीं, अशी रेल्वे आम्हांस हवी आहे, तिचें तिकीट चार रुपयांनीं महाग असलें तरी चालेल.