वायरलेसवाली नूर आणि आपलं प्रॅक्टिकल

'गो, ह्यात मारामारी खंय आसा?'

लेडीज होस्टेलच्या टीव्ही रूममध्ये अर्ध्या तासातच हा प्रश्न आला. आम्ही 'अ कॉल टू स्पाय' बघत होतो. २०१९ सालचा, बेताच्या बजेटचा चित्रपट. गाड्यांचा पाठलाग नाही की हेलिकॉप्टर नाही. रूम निम्मी रिकामी झाली. मी मात्र शेवटपर्यंत बसले आणि बसले ते बरंच झालं.

हेर म्हटलं की आपल्याला बहिर्जी नाईक आठवतात, नाहीतर जेम्स बॉण्ड. इथे तीन बायका आहेत. चित्रपट अमेरिकन, पण गोष्ट दुसऱ्या महायुद्धातल्या 'एसओई' या ब्रिटिश गुप्त संघटनेची. लाकडी पाय घेऊन फ्रान्समध्ये हेरगिरी करणारी व्हर्जिनिया हॉल, लंडनहून सूत्रं हलवणारी व्हेरा अ‍ॅटकिन्स आणि नूर इनायत खान. नूर झालीय आपली पुण्याची राधिका आपटे. खऱ्या नूरचे वडीलही गायकवाडांच्या बडोद्यातले संगीतकार!

नूर होती वायरलेस ऑपरेटर. प्रशिक्षणाच्या अहवालात तिच्या बुद्धीबद्दल चांगलाच खवचट शेरा होता. तरी जून १९४३ मध्ये तिला फ्रान्सला पाठवलं. थोड्याच दिवसांत पॅरिसमधले तिचे साथीदार पकडले गेले. परत ये म्हटलं, ती आली नाही. जड सेट सुटकेसमध्ये घेऊन घरं बदलत संदेश पाठवत राहिली. जास्त वेळ ट्रान्समिट केलं की जर्मन गाड्या सिग्नलची दिशा मोजत दाराशी हजर. आपण परीक्षेपुरतं पाठ करतो ते डायरेक्शन फाइंडिंग ते हेच! ऑपरेटर सहा आठवडे टिकला तरी खूप, असं तेव्हा धरलं जाई. ती जवळजवळ चार महिने टिकली. तिची चूकही झाली. पाठवलेले संदेश तिने वहीत ठेवले होते. ती वही शत्रूच्या हाती लागली. १३ सप्टेंबर १९४४ ला दाखाउच्या छळछावणीत तिला गोळी घातली. १९४९ मध्ये मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला.

मी मालवणची. होडी बाहेर असताना वारा सुटला की वायरलेसवर आवाज येईपर्यंत आमच्या घरात कोणी जेवत नाही. म्हणून मला या चित्रपटात मारामारीची गरजच वाटली नाही. सेटसमोर बसून उत्तराची वाट बघणं, यापेक्षा मोठा थरार कसला?

आता आपल्या लॅबकडे या. चारजणांचा ग्रुप. सोल्डरिंग मुलं करणार, मुली 'अक्षर छान' म्हणून जर्नल भरणार. दोष एकट्या मुलांचा नाही. आम्हीही मुकाट्याने रीडिंग उतरवून घेतो, कारण सर्किट जळलं तर हसतील! ऐंशी वर्षांपूर्वी ज्या मुलीला कमी लेखलं, तिच्याच बोटांवर काही काळ पॅरिस-लंडनचा संपर्क टिकून होता. आणि आपण अजून मल्टिमीटर कोणी धरायचा ते ठरवतोय.

माझं म्हणणं एवढंच. गॅदरिंगला हा चित्रपट दोन्ही होस्टेलना एकत्र दाखवा. आणि मुलींनो, पुढच्या प्रॅक्टिकलला पेन त्यांच्याकडे द्या, सोल्डरिंग गन आपण घेऊ. जळलं सर्किट तर जळलं. नवीन करता येतं!

– एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स