क्लासवाल्यांनो, अक्षर कधी शिकवणार?

गेल्या वर्षी सहा महिने, दर शनिवार-रविवार, मी पुण्यातल्या एका क्लासमध्ये ग्राफिक आणि वेब डिझाईन शिकलो. दिवसभर कोड लिहिणाऱ्याला हे कशाला हवंय, असं मित्रांनी विचारलंच. आमचा डिझायनर जे काढून देतो ते नुसतं उतरवण्यापेक्षा समजून घ्यावं, एवढाच हेतू.

शिकवलं काय? फोटोशॉपचे लेयर, इलस्ट्रेटरचं पेन टूल, फिग्मातले कॉम्पोनंट. मग घरबसल्या जेवण मागवायचं एक ॲप. बॅचमधल्या प्रत्येकाच्या पोर्टफोलिओत तेच ॲप आणि तोच पिझ्झाचा फोटो! मजकूर म्हणाल तर 'लोरेम इप्सम'. सहा महिन्यांत देवनागरीचं एक अक्षर पडद्यावर आलं नाही. पुण्यात!! मी विचारलं, तर सर म्हणाले, "क्लायंट इंग्रजीच मागतो."

हे खरं नाही. २०२२ साली राज्य सरकारने कायदा दुरुस्त करून दुकानांच्या पाट्या देवनागरी मराठीत असायला हव्यात आणि ती अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालणार नाहीत, असं ठरवलं. २०२३ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. मग काय, पाट्यांचा पाऊस. उंची कायद्याने मोजली, आकार कोण बघणार? इंग्रजी नाव अगदी घोटून काढलेलं आणि मराठी म्हणजे हाताला लागेल तो फाँट आडवा ताणून बसवलेला. आडवं ताणलं की उभ्या रेघा जाड होतात, शिरोरेषा होती तेवढीच राहते. अक्षर सुजल्यासारखं दिसतं.

स्क्रीनवर तर आणखी मजा. इंग्रजी मथळा ऐसपैस दिसावा म्हणून लेटर-स्पेसिंग वाढवतात. तोच नियम मराठीला लागला की शिरोरेषेचे तुकडे पडतात. लाइन-हाइटचंही तसंच. इंग्रजीला १.२ वर भागतं, पण आपल्याकडे वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. बटणाची उंची इंग्रजी शब्द टाकून ठरवली असेल तर 'पूर्ण करा' मधला रफारही कापला जातो आणि ऊकारही. मग क्यूए तिकीट टाकतो, 'मराठीत अक्षरं तुटतात', आणि ते पडतं माझ्या गळ्यात. डिझायनर मोकळा!

बरं, शिकवायला काही नाही असंही नाही. विंडोजमधला 'मंगल' फाँट ज्यांनी केला ते र. कृ. जोशी आयआयटी मुंबईच्या आयडीसीमध्ये शिकवत होते. मुंबईच्या 'एक टाईप'चा 'मुक्ता' फुकट उतरवून घेता येतो. क्लासमध्ये हेल्व्हेटिकावर अख्खा एक तास झाला. यातलं एकही नाव निघालं नाही.

मला राग येतो तो मात्र वेगळ्याच गोष्टीचा. बॅचमध्ये बार्शीकडचा एक मुलगा होता. वडील पाट्या रंगवायचे. फ्लेक्स आले आणि काम सुटलं. फीसाठी घरच्यांनी कर्ज काढलेलं. चहाच्या सुट्टीत हा पोरगा वहीत 'क्ष' काढायचा, तर बघत बसावं. रेघ कुठे जाड, कुठे बारीक, दोन अक्षरांत किती हवा ठेवायची, सगळं हातात. सरांनी कर्निंग शिकवलं तेव्हा ते याला आधीच येत होतं, फक्त शब्द नवीन होता. मी म्हटलं, "वडिलांच्या पाट्यांचे फोटो पोर्टफोलिओत घाल की." तर म्हणाला, "नको दादा, गावठी दिसंल." बापाच्या कामाला गावठी म्हणायला तो घरी नक्कीच शिकला नव्हता.

यावर क्लासवाल्यांचं उत्तर पाठ आहे: मुलांना नोकरी हवी, नोकरीच्या जाहिरातीत टूलची नावं असतात, आम्ही टूल शिकवतो. ठीक. मग फ्लॅशचं काय झालं सांगा. एके काळी गल्लोगल्ली फ्लॅशचे क्लास होते. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला त्याचा सपोर्ट बंद केला, आणि त्याच्या कितीतरी आधी काम आटलं होतं. ज्यांना फक्त टाइमलाइन येत होती ते अडकले. ज्यांना हालचाल कळत होती ते दुसरं सॉफ्टवेअर शिकले आणि पुढे गेले. आज फिग्मा आहे, उद्या अजून काही असेल. आणि पिझ्झाचं ॲप काय, एआय आत्ताच दोन मिनिटांत काढून देतं.

सहा महिन्यांतले दोन रविवार मागतोय, जास्त नाही. तुमच्यापैकी कुणी असा क्लास लावणार असेल, तर फी भरायच्या आधी सरांना सांगा, 'पूर्ण करा' असं लिहिलेलं एक बटण करून दाखवा.